‘पाखंड’चा पहिला अर्थ

प्रिय धाकट्या,

आईला बघायला येतोस असं तुझं पत्र आलं. उत्तराला उशीर झाला, कारण तुला घरात येता यावं म्हणून माझी खटपट चालली होती. खटपट कसली, खुळेपणाच तो.

शब्दकोशाच्या कचेरीत या खेपेला ‘प’ माझ्या वाट्याला आलाय, आणि त्यात ‘पाखंड’. हसू नकोस. आजार हा पापाचा दंड नसतो, एवढंच तू आपल्या पंथाच्या भर सभेत म्हणालास आणि पाखंडी ठरवून मंडळींनी तुला बाहेर काढलं. आता तोच शब्द माझ्या टेबलावर. मग चिडून त्याच्या मुळाशीच गेले. तर काय, दगडावर कोरलेल्या जुन्या लेखांत ‘पाषंड’ म्हणजे नुसता पंथ. कुठलाही. आपला तोही आणि दुसऱ्याचा तोही, वर सगळ्यांचा मान राखा म्हणून बजावलेलं. त्याची शिवी झाली ती मागाहून, जो तो दुसऱ्याच्या पंथाला तेच म्हणायला लागल्यावर. आईला सांगितलं तर पडल्या पडल्या म्हणते, “अगं, म्हणजे आपणही पाखंडीच की!” किती दिवसांनी हसली ती.

आमच्या कोशात सर्वांत जुना अर्थ पहिला छापतात. मी तसाच लावला आणि छापून आलेलं पान घेऊन सभेच्या थोरल्या काकांकडे गेले. छापलेलं कोण नाकारणार, असं वाटलं बघ मला. काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पान परत देत अगदी मायेनं म्हणाले, “पोरी, आम्हाला दुसरा अर्थ पुरतो.” वर चहा पाजला. त्यांचा राग येतो, आणि धड रागावताही येत नाही. त्यांच्याच सुना रोज सकाळी येऊन आईला उचलतात, पुसून काढतात, कूस बदलून देतात. माझ्या एकटीच्यानं ती हलत नाही. मध्यंतरी पगारी बाई ठेवून पाहिली, तर आईच्या पाठीला जखमा झाल्या. आणि पाखंड्याला घरात घेतलं की त्या घराची पायरी कुणी चढायची नाही, हा सभेचा नियम तुला मी काय सांगू? तुझ्यावरच तर तो पहिल्यांदा लागला. तू दोन दिवस राहून जाशील, त्यानंतर आईकडे कोण बघणार, याचं उत्तर मला कितीही डोकं खाजवलं तरी सापडलं नाही.

काल आईनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, त्याला लिही की मी गेले, म्हणजे तो निघायचा नाही. मी कागद पुढ्यात ओढला, पण माझ्यानं ते लिहवेना. ती आहे रे. चांगली शुद्धीवर आहे, दारात पाऊल वाजलं की मान वळवून बघते. तरी येऊ नकोस.

कुणी काहीही म्हणो, तुझीच,
ताई