सईच्या गाडीतला पिवळा दिवा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ, पाया लेबार, सिंगापूर.

सईचा टोरंटोहून फोन आला. तीन आठवड्यांनी! आमच्यात नक्की काय उरलंय, हे हल्ली दोघंही विचारत नाही. तिच्या गाडीला बर्फात चालणारी थंडीची चाकं बसवली आणि तेव्हापासून डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागलाय. "अरे, हवा तर बरोबर आहे. मग दिवा का?"

उत्तर मला पाठ होतं. हवा मोजणारे सेन्सर जुन्या चाकांत राहिले, गाडी अजून त्यांनाच शोधतेय. कॉलेज सोडून टायरच्या दुकानात लागलो खरा, पण सिंगापुरात कसला बर्फ? तरी ती गेल्यापासून थंडीच्या चाकांबद्दल मिळेल ते वाचतोय. बॉस त्याच्या सिंगापुरी ढंगात हसतो, "इथे हिवाळा फक्त फ्रिजमध्ये, लाह!"

सगळं समजावलं. मग विचारलं, चाकं बदलली कुणी? कशाला विचारलं मी?

"निखिलने. माझ्या ऑफिसातला."

"मग दिव्याचंही त्यालाच विचार ना!"

"त्याने सांगितलंय रे. म्हटलं, तुला विचारलं तर तुला बरं वाटेल."

डोकं सणकलं. फोन कट केला. नंतर आठवलं, मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. दिवा कायमच लागलेला असला, तर खरंच हवा गेली तरी तिला कळणार नाही. मेसेज केला, नवे सेन्सर बसेपर्यंत दर आठवड्याला, गाडी गार असताना, हवा मोज. खाली सॉरी लिहिलं आणि खोडलं.

लगेच उत्तर आलं. थँक्स.

नववीपासूनची ओळख आमची. थँक्स ती मला आज पहिल्यांदा म्हणाली.