बत्तीसचं पाणी

भोर, बुधवार

प्रिय इरफान,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावरून काही ठरवू नका. फोनवर लिहायला घेतलं की मी लिहिते, पुसते, परत लिहिते आणि समोरच्याला ते दिसत राहतं, म्हणून कागद घेतला. तुमची थर्माकोलची पेटी उद्या टेम्पोवाला गोरख परत आणून देईल, त्याच्याच टेम्पोतून. हे पत्र त्या पेटीत असेल. शुक्रवारी तुमच्या घरून अब्बांना फोन येणार आणि त्यांना हो किंवा नाही सांगावं लागणार. रविवारी संध्याकाळी माझं उत्तर ‘नाही’ होतं आणि ते मी अम्मीला सांगूनही टाकलं होतं. तसं का झालं आणि पुढे काय झालं, ते तुम्हाला क्रमाने कळावं म्हणून मी सुरुवातीपासून लिहिते.

गेल्या महिन्यात तुम्ही घरच्यांबरोबर आमच्याकडे आलात तेव्हा माझ्या टाकीत खारं पाणी, वाळू आणि दगड एवढंच होतं. पाणी तयार होईपर्यंत मी त्यात एकही प्रवाळ सोडणार नव्हते. अम्मीला त्या टाकीची लाज वाटते. चहा देता देता ती तुमच्या आईंना म्हणाली, “लोकं टाकीत मासं ठेवत्यात, आमच्या पोरीनं दगडं ठेवल्यात. रोज सकाळी त्यांची तब्येत बघती.” सगळे हसले. तुमच्या आईही हसल्या. तुम्ही हसला नाहीत. उठून टाकीपुढे उकिडवे बसलात, हात मागे बांधून, काचेला बोट न लावता. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हे कुणीतरी शिकवलेलं असणार. मग तुम्ही विचारलंत, “खारटपणा किती ठेवलाय?” मी खारटपणा मोजायच्या नळीच्या काचेवर दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरून बघितलं आणि सांगितलं, बत्तीस. तुम्ही म्हणालात, “बत्तीस?” मी म्हणाले, हो, बत्तीसच. तुम्ही मान हलवलीत आणि गप्प बसलात.

समुद्राचं पाणी पस्तीस असतं, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ; माझ्या रिकाम्या टाकीत मी ते अजून तिथवर नेलं नव्हतं. प्रवाळ ठेवणाऱ्या माणसाला हे माहीत असतंच आणि माहीत असलेला माणूस बत्तीस ऐकून काहीतरी बोलतो. तुम्ही बोलला नाहीत. मी निष्कर्ष काढला की एखादा व्हिडिओ बघून तुम्ही प्रश्न पाठ केला होता, उत्तर काय यायला हवं ते पाठ करायचं राहिलं होतं. मुलीला टाकीचा नाद आहे हे मध्यस्थांनी आधीच सांगितलं असणार. तेवढं कळल्यावर कुणीही थोडी तयारी करून येईल. निघताना चपला घालता घालता तुम्ही म्हणालात की तुमचीही एक टाकी आहे, एकच, दोन फुटांची, आणि माझ्या टाकीसाठी पहिली प्रवाळं तुम्ही पाठवाल. मी म्हणाले, गरज नाही. अम्मीने मला कोपर मारलं. ते तुम्हाला दिसलं असावं.

माझा हा स्वभाव कुठून आला, तर थोडा अब्बांकडून. ते एसटीत कंडक्टर होते. हिर्डोशीच्या गाडीत चढणारा माणूस पायरीवर पाय ठेवतो कसा, त्यावरून ते सांगायचे की हा तिकीट चुकवणार की नाही. थोडा माझ्या कामातून आला. वरव्याच्या आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांचे काटे, दाबमापक, तापमापक तपासायला येतात. यंत्र खोटं बोलतं आहे असं धरूनच आम्ही सुरुवात करतो, ते खरं बोलतं हे त्यानं सिद्ध करायचं. आणि उरलेला गेल्या वर्षी आला. हायवेकडचं एक स्थळ होतं. आधी म्हणाले, “नोकरी काय, करू दे की खुशाल.” मंगनी झाल्यावर मुलाची आई म्हणाली, “आता कशाला ती रोजची ये-जा?” मुलगा शेजारी बसून बिस्कीट खात होता. अब्बांनी दुसऱ्या दिवशी सगळं परत पाठवलं. तेव्हापासून कुणी आमच्या घरात गोड बोललं की मला त्या बिस्किटाचा आवाज येतो.

रविवारी गोरखने पेटी आणली. दारातूनच ओरडला, “ताई, हे उन्हात ठिवायचं न्हाई, पालथं करायचं न्हाई, हापटायचं न्हाई. त्या चष्मेवाल्यानं मला कोंढव्यापासनं चार येळा फोन केला. माझ्या बायकोच्या बाळंतपणाला बी एवढी काळजी कुणी केली न्हवती!” अम्मी हसून लाल झाली. मी पेटी आत नेली, पंखा बंद केला आणि एक-एक पिशवी बाहेर काढली. तीन लहान चकत्यांवर झोआ जातीची प्रवाळं, बटणांएवढी फुलं, सगळी मिटलेली. चौथ्या पिशवीत दगडाच्या तुकड्यावर बांधलेलं एक जाड, चामड्यासारखं प्रवाळ. अम्मी वाकून म्हणाली, “ह्यालाच पोवळं म्हणत्यात व्हय? मग अंगठी कुठंय?”

मी तपासायला सुरुवात केली. पहिली शंका अशी होती की कोकणातल्या कुठल्या खडकावरून हे तोडून आणलं आहे का. तो गुन्हा आहे आणि तसं असतं तर मी पेटी तशीच परत केली असती. पण ही समुद्रातून ओरबाडलेली वाटत नव्हती, धारदार पात्याने नीट कापलेली होती. मग मी चकत्या उलटून बघितल्या. प्रवाळ एखाद्या टाकीत बरेच महिने वाढलं असेल तर ते चकतीच्या कडेपर्यंत पसरतं आणि चकतीवर जांभळट थर धरतो. तुमच्या चकत्या कोऱ्या पांढऱ्या होत्या, डिंक ताजा होता. म्हणजे हे नुकतंच चिकटवलेलं. दुकानदार असंच करतात, गिऱ्हाईक ठरलं की मोठ्या तुकड्यातून कापायचं आणि चकतीवर चिकटवून द्यायचं. शेवटी पिशवीतलं पाणी मोजलं. नळी आधी तपासून घेतली, मग मोजलं. बत्तीस. चारही पिशव्यांत बत्तीस. मीठ वाचवायला आणि माशांचे रोग आटोक्यात ठेवायला काही दुकानांत पाणी असंच पातळ ठेवतात. प्रवाळं मनापासून पाळणारा माणूस ठेवत नाही.

माझ्या दृष्टीने विषय संपला. तुमची टाकी नव्हतीच. तुम्ही दुकानात जाऊन चार तुकडे घेतलेत आणि स्वतःचे म्हणून पाठवलेत. तुकडे विकत घेण्यात गैर काही नाही, पण मग तसं सांगायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला म्हणाले, नाही कळवा. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “पाण्यावरनं माणूस वळखायला लागलीस व्हय गं? तुझे अब्बा मला बघायला येताना दुसऱ्याचं घड्याळ घालून आले होते. चालत बी न्हवतं. म्या काय बोलले का?” मी म्हणाले, बोलायला हवं होतं. अब्बा बाहेरून म्हणाले, “घड्याळ माझ्या दोस्ताचं, सावळारामचं होतं. आणि ते चालत होतं.” त्या दोघांचं त्यावरून नेहमीप्रमाणे जुंपलं आणि माझा प्रश्न बाजूला पडला.

प्रवाळांचा मात्र यात काही दोष नव्हता. माझ्या टाकीत आता पस्तीस होतं; बत्तीसच्या पाण्यातून त्यांना एकदम तिथे सोडलं असतं तर ती खचली असती. त्यांना औषधी पाण्यात बुडवून काढलं, किडे-अंडी काही नाहीत ना ते भिंगाने पाहिलं आणि एका स्वच्छ बादलीत त्यांच्याच खारटपणाचं पाणी, हीटर आणि छोटा पंप लावून ठेवलं. खारटपणा हळूहळू वाढवत न्यायचा होता. मंगळवारी कामावरून आले तर अब्बा स्टूल घेऊन त्या बादलीशी बसलेले. त्यांना मासे, पक्षी, कुठल्याच पाळीव गोष्टीत रस नाही. मला बघून म्हणाले, “सदफ, ह्या चामड्याला बांधलाय तो दोरा बघितलास का?” मी म्हणाले, बघितला, नायलॉनचा आहे. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या चष्म्याला खाली फ्रेम नाही, काच एका बारीक पारदर्शक दोऱ्यावर बसवलेली असते; चष्म्याच्या दुकानात रोज तेच करणाऱ्या तुम्हाला हे सांगायला नको. मी दोन्ही भिंगाखाली धरून बघितले. तीच जाडी, तीच चमक. गाठही दुकानातल्यासारखी घाईची नव्हती. टोक इतकं जवळ कापलं होतं की प्रवाळाला टोचू नये.

तरी मी लगेच मानलं नाही, हे तुम्हाला सांगते. माणूस विकत घेतलेला तुकडाही स्वतः बांधू शकतो. पण कापल्याची कड मी परत पाहिली, ती भरून आली होती. विकत घेऊन लगेच पाठवलेल्या तुकड्याची अशी भरत नाही. मग ताज्या चकत्यांचा अर्थ बदलला. त्या ताज्या होत्या कारण तुम्ही ही प्रवाळं तुमच्या स्वतःच्या, वाढलेल्या प्रवाळांतून कापली होती, माझ्यासाठी, आणि जखम भरेपर्यंत थांबला होतात. एवढं जुळलं. बत्तीस मात्र जुळत नव्हतं. ज्याला इतकं कळतं तो पाणी बत्तीस का ठेवेल?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं. तुम्ही गेल्यावर तुमचं ते “बत्तीस?” माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी पस्तीसचं प्रमाण द्रावण मागवलं आणि त्यावर माझी नळी तपासली. तिने बत्तीस दाखवलं. मी ती साध्या पाण्यावर शून्याला लावून घेतली होती आणि तेवढ्यावर भागवलं होतं. शून्याला ती बरोबर होती, पस्तीसला चुकत होती. प्रयोगशाळेत कुणी असं करून आणलं तर मी ते यंत्र सही न करता परत पाठवते. म्हणजे तुम्ही आलात त्या दिवशीही माझ्या टाकीत पस्तीसच होतं. मी नळी दुरुस्त केली आणि कुणाला काही बोलले नाही. तुम्ही माझ्या हिशेबातून तेव्हा वजा झाला होतात.

बत्तीस हा आकडा जगात फक्त माझ्या त्या नळीतून निघाला होता आणि तो मी एकाच माणसाला सांगितला होता. मंगळवारी बादलीशी उभी असताना ते माझ्या लक्षात आलं. अब्बांचा चष्मा माझ्या हातात तसाच राहिला आणि ते डोळे बारीक करून विचारत होते, “काय झालं? चोर सापडला का?” तुम्हाला बत्तीस चुकीचं वाटलं असणार, म्हणूनच तुम्ही परत विचारलंत. मी “बत्तीसच” म्हटल्यावर तुम्ही चारचौघांत, माझ्या आईवडिलांसमोर, मला खोडून काढलं नाहीत. घरी जाऊन तुमच्या एकुलत्या टाकीचं पाणी थोडं थोडं करून बत्तीसवर आणलंत, म्हणजे तुमची प्रवाळं माझ्याकडे आली की त्यांना परकं वाटू नये. मी तुमच्यावर सगळ्या शंका घेतल्या. तुम्ही माझ्या एका आकड्यावर शंका घेतलीत आणि ती गिळून त्याप्रमाणे वागलात. अब्बांना मी एवढंच सांगितलं की आकडा जुळला. ते म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हा सुट्टे पैसे मुठीत धरून गाडीत चढणारा पोरगा हाय.” मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, “तू माझं तिकीट मानतीस का कधी?”

आज पाणी पस्तीसला पोचलं आणि प्रवाळं टाकीत ठेवली. चामड्याचं मागे, जिथे प्रवाह जरा जोरात आहे, आणि झोआ पुढे खाली, कमी उजेडात. दोन चकत्या उघडल्या आहेत, मध्ये हिरवं आणि कडेला नारिंगी. तिसरी अजून मिटलेली आहे. अम्मी तिला म्हणते, “ही सदफवर गेलीय.” घाई करणार नाही, उघडेल तेव्हा उघडेल.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. तुमची बाकीची प्रवाळं अजून माझ्या चुकीच्या आकड्यात जगत आहेत आणि ते तुम्हाला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही. पाणी पस्तीसवर आणा, एकदम नको, हळूहळू. पेटीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली आहे, त्यात पस्तीसचं प्रमाण द्रावण आहे. आधी तुमची नळी त्यावर तपासा. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका, आणि पुढेही मी एखादा आकडा सांगितला आणि तुम्हाला तो चुकीचा वाटला, तर एकदा “बत्तीस?” विचारून गप्प बसू नका. भांडा. शुक्रवारी अब्बा तुमच्या घरी ‘हो’ सांगतील. ते मी त्यांना आज सकाळीच सांगून ठेवलं आहे. पण तो होकार तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी बरोबर आकडा पोचावा असं मला वाटलं. आणि हो, वरचं ‘प्रिय’ आता पद्धत म्हणून धरू नका.

तुमचीच,
सदफ