झरोका उघडाच ठेवावा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा खुर्च्या-कोचांच्या गाद्या भरण्याचा (आता बंद), हा कागद माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते आजवर कोणाला जमलेही नाही. माझे यजमान हयात असते तर त्यांनी तशी साक्ष आनंदाने दिली असती. ही थंडी मी काढीन असे डॉक्टर म्हणतात. पुढच्या थंडीविषयी ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. कोंबड्यांना मात्र पुढचीही थंडी काढायची आहे, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. राहते घर, परस आणि मागची खोली सोडून, माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. तो लांब राहतो आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. स्वयंपाकघराचे दार ओल धरली की फुगते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. बँकेत जे उरेल ते सुनेला. मुलाच्या हातात पैसा टिकत नाही आणि तिच्या हातून सुटत नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

कलम ३. माझी दाभणे, सुतळीची रिळे, हातोडी आणि मोठी कात्री नाक्यावरच्या शिंप्याला. त्या कात्रीने त्याने कागद कापल्यास ती परत घ्यावी. कोण परत घेणार ते मला सांगता येत नाही, पण त्याला धाक राहील.

कलम ४. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी माझ्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध नगरपालिकेत अर्ज दिला होता. त्यांना माझे गजराचे घड्याळ द्यावे. ते बंद करता येते.

कलम ५. कोंबड्या. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्याला जमादार म्हणतात. काळ्या कोंबडीला सासूबाई म्हणतात. दाण्याला पहिली चोच तिचीच, त्यात कोणी मध्ये पडू नये.

थंडीत दिवस लहान झाला की त्या अंडी घालणे जवळपास थांबवतात. मुलगा दर वर्षी फोनवर म्हणतो, “आई, फुकट खातात गं त्या. आत एक दिवा लाव, घालतील अंडी.” दिवा लावायचा नाही. त्याला स्वतःला दर वर्षी भरपगारी रजा मिळते, तेव्हा त्याच्या टेबलावर कोणी दिवा लावत नाही. अंडी बंद आहेत म्हणून थंडीत एकीलाही कापायचे किंवा विकायचे नाही.

सकाळी पाण्यावर सायीसारखा बर्फ धरतो. तो काठीने फोडून भागत नाही. भांडे आत आणून कोमट पाणी भरावे. संध्याकाळी मूठ-मूठ मका द्यावा, म्हणजे रात्री पोटात ऊब राहते. बसायची दांडी मुद्दाम चपटी केली आहे. तिच्यावर त्या पोटाची पिसे पायांवर पांघरून बसतात आणि त्यांची बोटे गारठत नाहीत. खाली पसरायचा भुसा लाकूडवखारवाल्यांकडून घ्यावा. कोरडा मागितला तर कोरडा देतात, न मागितल्यास जो हाताशी असेल तो देतात.

खुराड्याच्या भिंतींत मी धंद्यातला उरलेला काथ्या भरून वरून तरट ठोकले आहे. जन्मभर लोकांच्या बसण्याची सोय केली आणि घरच्या कोंबड्या कुडकुडल्या, असे व्हायला नको होते. मात्र छपराखाली, दांडीच्या वर, हातभर लांबीचा झरोका आहे. कितीही गारठा पडला तरी तो बंद करायचा नाही. कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात. ती ओल बाहेर गेली नाही तर त्यांच्याच तुऱ्यांवर बसते आणि गोठते. कोरडी थंडी त्या सोसतात, ओली सोसत नाहीत.

कलम ६. वरील सर्व कोंबड्या व खुराडे माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. परस, परसातला नळ आणि मागची खोली तिने हयातभर वापरावी. ती मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहते आणि तिच्या दाराशी मातीचा तुकडाही नाही. घर विकताना मुलाने तिचा हा हक्क घेणाऱ्याकडून लिहून घ्यावा.

आमचा अबोला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आता सोबत जोडलेल्या दाखल्याविषयी शंका येईल. म्हणून कारण लिहिते.

गेल्या थंडीत मी दवाखान्यात होते. कोंबड्या धाकटीवर सोपवल्या होत्या आणि तिने त्यांना डोळ्यांत तेल घालून जपले. इतके, की गारठा वाढला तशी तिने माझ्याच कपाटातला कापूस काढून झरोका गच्च बुजवला. मी घरी आले तेव्हा आतल्या भिंती ओल्याचिंब होत्या, जमादाराच्या तुऱ्याची टोके काळी पडली होती आणि दोन कोंबड्या दांडीखाली मरून पडल्या होत्या. त्यातली तांबडी माझ्या हातातून दाणे खायची.

“तिथून गार वारा येत होता गं ताई,” धाकटी म्हणाली.

“तेवढ्यासाठीच ठेवलाय तो,” मी म्हणाले. “मायेनं मारलंस त्यांना.”

ती पिशवी उचलून गेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. मी तो शब्द मागे घेत नाही, कारण तो खरा होता.

या थंडीत मला वाकवत नाही. दाणापाणी कसेबसे करते. पण उजाडता उजाडता, मी झोपले आहे असे समजून, धाकटी मागच्या फाटकातून येते. खुराड्यात वाकून भिंतीवर तळहात ठेवते आणि ओल बघते. मग झरोक्यात हात घालून काही अडकले नाही ना ते चाचपते, आणि आली तशी निघून जाते. एखादे अंडे पडलेले असले तरी त्याला हात लावत नाही. हे मी खिडकीतून रोज बघते आणि ते तिला ठाऊक नाही.

मुलाला विचारले तर तो म्हणेल, कोंबड्या एखाद्या प्रेमळ माणसाला देऊन टाकू. मला प्रेमळ माणसांचीच धास्ती आहे. पहिल्या गारठ्यातच त्यांना झरोका बुजवावासा वाटतो. धाकटीकडून ती चूक होऊन गेली आहे. बाकीच्यांकडून ती अजून व्हायची आहे. शिवाय ती माझी बहीण आहे आणि मला तिची फार आठवण येते. वकील म्हणाले, हे वाक्य कायद्याला लागत नाही. तरी ते राहू द्यावे.

साक्षीदारांविषयी खुलासा. आज सहीच्या वेळी दुसरे साक्षीदार, म्हणजे लाकूडवखारवाले, आले नाहीत. तेव्हा पहिले साक्षीदार, गुरांचे डॉक्टर, गल्लीत जाऊन जे ओळखीचे माणूस दिसले त्याला घेऊन आले. ती धाकटी होती. डॉक्टरांना आमच्यातले काही ठाऊक नव्हते. वर्षभराने ती या टेबलाशी बसली. तिने चष्मा लावला, पेन घेतले आणि सही कुठे करायची ते शोधू लागली. मला तोंड उघडावेच लागले.

“तू सही करायची नाहीस,” मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवले. “सहीपुरताही भरवसा उरला नाही का गं ताई?”

 वकिलांनी कागदावरून मान वर न करता सांगितले, “बाई, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं.”

धाकटीने चष्मा काढला. मग तिने मला विचारले, “कोंबड्या?”

“कोंबड्या, खुराडं, सगळं.”

“झरोका?”

“तोसुद्धा,” मी म्हणाले.

ती उठली, डब्यातून मका घेतला आणि परसात गेली. डबा कुठे असतो ते तिला अजून आठवत होते.

लाकूडवखारवाले आता आले आहेत. बाहेर अंधारून येत आहे. मी या ओळी लिहीत असताना धाकटीने कोंबड्या आत घेतल्या, दार लावले आणि झरोक्यात हात घातला. मग खिडकीकडे वळून तिने तो हात मला दिसेल असा वर धरला.

“कोरडं आहे, ताई,” ती म्हणाली.

सही: मी स्वतः, गादीवाली

साक्षीदार:
१. गुरांचे डॉक्टर
२. लाकूडवखारवाले (उशिरा आले, भुसा कोरडा आणला)

ठिकाण: स्वयंपाकघर, परसाकडच्या खिडकीशी
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे ती, कोंबड्या आत गेल्यानंतर