जुना आवाज काढताना

१७ जुलै, गुरुवार
कॉलेजच्या लॅबमध्ये फोन. लाखांदूरहून, कोणी सुशीलाबाई. "रुपा मॅडम तुम्हीच का? आमच्या गुरुजीचा कम्प्युटर काल मुका झाला. तुमच्या पानावर लिवलं तसंच केलं त्यायनं."

माझ्या पानावर! लिनक्सवरचे प्रोग्रॅम कसे टाकायचे, कसे काढायचे, ही मराठी माहिती मी चार वर्षांपूर्वी लिहून नेटवर टाकली. खाली माझं नाव, कॉलेजचं नाव. कोणी वाचत असेल असं वाटायचंच नाही.

गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान, परसराम गुरुजी. रिटायर्ड, दृष्टी गेलेली. पडद्यावर असेल ते कम्प्युटर वाचून दाखवतो, ते ऐकून टाइप करतात. शेजारच्या गिरजाबाईच्या शेताच्या फेरफारावर हरकत लिहीत होते. सोमवार शेवटचा दिवस. अर्ज अर्धा झालेला — आणि मशीन गप्प.

१८ जुलै
लॅबमध्ये तेच करून पाहिलं. मी लिहिलंय — मशीन बोलतं तो जुना आवाज नको असेल तर त्याचं पॅकेज, म्हणजे त्या प्रोग्रॅमचा संच, काढा, बाकी कशाला धक्का लागत नाही. तेव्हा लागत नव्हता. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच त्या पॅकेजवर टेकलाय. ते काढलं की हाही जातो! काढण्याआधी मशीन यादी दाखवून विचारते, काढू का? पण कमांडच्या शेवटी परस्पर 'हो' म्हणणारा तुकडा मीच जोडलेला. लोकांना सोपं जावं म्हणून.

उद्या जाते.

१९ जुलै, शनिवार
एसटीत भाताच्या रोवण्याला निघालेल्या बायांची गर्दी. पवनीपर्यंत उभीच.

दोन्ही पॅकेजं परत टाकली, पाऊण तासात काम झालं. मशीन बोललं तसा गुरुजींनी स्पीकरवर हात ठेवला. "आला रे बापा!" अर्धा अर्ज जसाच्या तसा होता. लगेच पुढे लिहायला बसले. गिरजाबाई उंबऱ्यावर.

"गट नंबर सांग वो."

"काहून, बुधवारी सांगतला ना!"

"मशीन मुकं होतं, बाई. मी बहिरा नोहो. पुन्हा सांग."

हसलो सगळेच. मला मात्र राहवेना. म्हटलं, "गुरुजी, आवृत्ती बदलली ते मला कळलंच नाही हो. कळायला मार्गच नव्हता."

"होते असं," म्हणाले. "नवीन लिवाल तं मले एकदा वाचून दाखवजा."

झिंगे-भात जेवून निघाले. मन हलकं.

२० जुलै
एका ओळीचं काम, सकाळ गेली. 'धक्का लागत नाही' खोडलं. 'हो' म्हणणारा तुकडा काढला. लिहिलं — आधी यादी वाचा, त्यात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम दिसला तर थांबा. कुठल्या आवृत्तीवर करून पाहिलं तेही लिहिलं. गुरुजींना फोनवर वाचून दाखवलं. "आता बराबर."

२१ जुलै
हरकत तहसीलमध्ये पोचली. शिक्का मारलेली प्रत गिरजाबाईच्या हातात!

२२ जुलै
दुरुस्त्या कळवण्यासाठी पानाखाली एक ईमेल दिला होता. दोन वर्षांत उघडला नव्हता. पासवर्ड बदलून आज उघडला. एकच पत्र. २ जुलैचं.

'मॅडम, बाकी कशाला धक्का लागत नाही ही ओळ नव्या आवृत्तीतही खरी आहे काय? मला दिसत नाही. आवाज गेला तर मला एकट्याला परत आणता येणार नाही. आपल्या उत्तराची वाट पाहतो. — परसराम'

चौदा दिवस थांबले होते. शनिवारी दुपारभर माझ्यासमोर बसले, आणि याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.