टेबलावरची यादी

१८ जून, दुपार

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहिलं आणि खोडलं. आधी एक कर. हे पत्र नेहमीसारखं भाऊजींना लगेच वाचून दाखवू नकोस. एकदा एकटीनं वाच.

सकाळपासून तीन कागद फाडलेत. फोनच करणार होतो, पण तू ‘जेवलास का?’ म्हणालीस की माझं अवसान गळतं.

बंदरावरच्या जाहीर सुनावणीचं भाऊजींनी सांगितलंच असेल. नवा नियम येतोय. परदेशातला माल जहाजावर चढण्याआधीच कंटेनरमध्ये काय आहे ते कस्टमला कळवायचं. आम्हा माल सोडवणाऱ्या एजंटांचं धाबं दणाणलंय. संघटनेनं मलाच बोलायला उभं केलं. तोंडाच्या टकळीपायी लहानपणी तुझा मार खायचो, ती अशी कामी आली. मी म्हणालो, "तिकडचे विक्रेते वेळेवर यादीच देत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" टाळ्या पडल्या.

मग मागून एक क्रेन चालवणारी बाई उठली. "साहेब, कंटेनर आमची माणसं उघडतात. आत काय आहे ते त्यांना आधी कळलं, तर तुमचं काय बिघडतं?"

"बाई, लग्नाआधी नवरा तरी कुठे कळतो?" मी म्हणालो. सभागृह खो खो हसलं. ती खाली बसली.

आणि तिसऱ्या रांगेत, जुन्या मुकादमाबरोबर आलेले भाऊजी, काळा चष्मा माझ्या आवाजाच्या दिशेला वळवून, सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते. बाहेर माझा खांदा चाचपून म्हणाले, "मेव्हण्या, मैदान मारलंस!" तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. दर महिन्याला तोच व्यापारी, तोच माल. मग मागच्या खेपेचा फॉर्म काढायचा, तारीख बदलायची आणि द्यायचा ढकलून. सगळेच करतात. भाऊजींचे डोळे गेले त्या कंटेनरच्या कागदावरही ‘प्लास्टिकचे डबे’ मी तसेच उतरवले होते. ते वाचून त्यांनी कामाचा जाड चष्मा न लावता दार उघडलं. आत अ‍ॅसिडची पिंपं होती, दाराजवळचं फुटलेलं.

विक्रेत्यानं यादी पाठवलीच नव्हती, असं मी चौकशीत सांगितलं. ताई, यादी आली होती. दोन दिवस आधी. माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडली होती. अपघात होईपर्यंत मी पाकीट फोडलंच नव्हतं. कपाचा गोल डाग अजून आहे त्यावर.

चार वर्षं भाऊजी म्हणताहेत, "चूक माझीच, चष्मा लावायला हवा होता." आणि मी दरवेळी मान डोलावतो. त्यांना ती दिसत नाही, तरी डोलावतो. मला माझीच किळस येते.

गुरुवारी दुसरी सुनावणी आहे. ते पाकीट घेऊन मी उभा राहणार आहे. परवाना जाईल, खटलाही होईल. होऊ दे. पण भाऊजींना हे चारचौघांत, खुर्चीवर बसून कळता कामा नये. समोर येऊन सांगायचं म्हणून तीनदा तुमच्या जिन्यापर्यंत आलो आणि माघारी फिरलो. क्षमा कोणत्या तोंडानं मागू?

आता त्यांना हाक मार. पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. मध्ये थांबू नकोस, आणि या एका वेळी माझी बाजू घेऊ नकोस.

पाकीट न फोडलेला,
तुझा धाकटा