कॅरव्हॅन मागे घेताना

३ मार्च, पोर्ट नील

पोचलो! गाव केवढं — एक धक्का, एक बेकरी, बाकी समुद्र. बेकरीवालीला विचारलं, "इथे लोक दिवसभर करतात काय?" म्हणाली, "वाऱ्याला शिव्या देतात." आवडलं मला हे गाव.

वीस तारखेला माझ्या नवऱ्याला, मर्व्हला, पंचाहत्तर पूर्ण. मग डॉक्टरने डोळे तपासून सही केली तरच लायसन. नाहीतर गाडीमागे ओढायचं हे चाकांवरचं घर, ही कॅरव्हॅन, विकून घरी बसायचं, असं मर्व्हनेच जाहीर केलंय. "सही होणारच!" हे दिवसातून चारदा. कुणी विचारलेलं नसताना!

५ मार्च, टंबी बे

आज शोभा झाली. कुणी कॅरव्हॅन मागे घ्यायला लागलं की अख्खा तळ हातातलं काम टाकून बघत बसतो. मीही बसते की! चाळीस वर्षं मर्व्ह चालवतो आणि मी मागे उभी राहून हात करते. आज मी डावीकडे हात केला, हा गेला उजवीकडे. नळाचा खांबच आडवा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हा उलट मलाच — "ग्लेनिस, तुझा हात काय सांगतो ते तुझं तुला तरी कळतं का?" चोराच्या उलट्या बोंबा! दिवसभर बोलले नाही.

६ मार्च

धक्क्यावर गळाला दोन माकुलं लागली. अबोला संपला.

९ मार्च, एलिस्टन

मर्व्हने तळाच्या ऑफिसात आरपार जागा मागितली. म्हणजे एका बाजूने शिरायचं, दुसरीने निघायचं, मागे घेणं नाहीच. अशी जागा घेणाऱ्यांना हा आजवर 'कुक्कुली बाळं' म्हणत आला! का रे, विचारलं तर म्हणे, "वारा आहे." वाऱ्याचा काय संबंध?

पाच वाजता सगळे आपापली खुर्ची नि आपापली बाटली घेऊन जमले. नोरीन भेटली — विधवा, नऊ वर्षं एकटीच कॅरव्हॅन घेऊन फिरते. "मागे कशी घेतेस गं एकटी?" "स्टिअरिंग खालून धरायचं. हात जाईल तिकडे कॅरव्हॅनचं ढुंगण जातं. आणि आसपास बाप्या असेल तर त्याला आधी चहा करायला पाठवायचं." हसून हसून पोट दुखलं.

१२ मार्च, व्हीनस बे

आज मी फार वाईट वागले.

कड्यावर उभे होतो. खाली पाणी इतकं हिरवं की बघतच राहावं. मर्व्ह नुसता समोर तोंड करून उभा. मला राहवेना. म्हटलं, "तो बघ, खडकावर सील!" कपाळाशी हात धरून तो म्हणाला, "अरे वा! केवढा मोठा!"

खडकावर काही नव्हतं.

"हो ना," म्हटलं मी. मग रडू आलं, वाऱ्यावर ढकललं. आणि संताप आला तो वेगळाच — या डोळ्यांनी हा मला एवढ्या लांब घेऊन आला, समोरून ट्रक येत असताना!

१३ मार्च

नोरीनही इथेच आलीय. मर्व्ह धक्क्यावर गळ टाकून बसला तेव्हा आम्ही मागच्या रिकाम्या मैदानावर. तिची कॅरव्हॅन, मी चालवणारी. पाच वेळा वाकडी गेली, गाडीलाच भिडायला आली. सहाव्यांदा सरळ! मी किंचाळले, नोरीन नाचली.

तिला सीलचं सगळं सांगितलं होतं. "तुला कळलंय हे त्याला सांगणार कधी?" तिने विचारलं. एकदा सांगितलं, की सहल संपली, कॅरव्हॅन विकली. त्याचा जीव आहे तिच्यात. न सांगावं तर उद्या शेजारी बसायचं जीव मुठीत धरून.

१४ मार्च

सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी गाडीची किल्ली.

मी तोंड उघडायच्या आत मर्व्ह म्हणाला, "काल मैदानावर तुमच्या आरोळ्या ऐकल्या. डोळे गेले असतील, कान शाबूत आहेत."

"मग घरी जायचं?" मी.

"घरी कशाला? पश्चिमेला केवढी गावं राहिलीत. तू चालव. बाहेर काय काय दिसतं ते सांगत जा मला." मग चहा ढवळत म्हणाला, "फक्त खरं असेल तेवढंच."