बटणांचं गाणं

२ जून
आजपासून राग बंद. कायमचा. सकाळी दादाने पुन्हा कॉलेजचा विषय काढला तेव्हा मी ताट फक्त सरकवलं. आदळलं नाही. सरकवताना ते खाली पडलं, हा भाग वेगळा. दादा म्हणाला, अर्ध्यात सोडणं हा तुझा छंद आहे का? मी कॉलेज सोडलेलं नाही. कॉलेजला मी झेपलो नाही.

आता थिएटरात ऑपरेटर आहे. सगळ्यांच्या डोक्यावर, काचेमागे, माझी केबिन. खाली तिकीट-खिडकीत ती. दादाला वाटतं मी तिच्यासाठी ही नोकरी धरली. धरली तिच्यासाठीच, पण दादाला तसं वाटायचं काही कारण नाही.

५ जून
नवा पिक्चर. म्युझिकल. माणसं बोलता बोलता मध्येच गायला लागतात. एक नाटकात गाणारी, एक तिचे कपडे शिवणारी, आणि एक घोड्यावरचा हिरो. शेवटी गाणारीचं हिरोशी लग्न. पिक्चर संपता संपत नाही.

मालक वर आले. म्हणाले, दुपारचा शो लांबतो, संध्याकाळचं पब्लिक दारात ताटकळतं. एक गाणं उडव. हिरोचं सोडून कुठलंही. आमच्याकडे हे नेहमीचंच. माउस पुढे ढकलला की गाणं गेलं, प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. मी बटणांचं गाणं निवडलं. गाणारी आरशासमोर उभी राहून गाते, शिवणारी तिच्या पाठीवरची बटणं लावते. बस. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही.

६ जून
ती वर आली! स्वतःहून! जिना चढून, धापा टाकत! दार ढकललं आणि म्हणाली, ते गाणं कोणी कापलं? मी म्हणालो, मी. म्हणाली, डोकं आहे का खोकं? अख्खा पिक्चर त्या गाण्यात आहे. त्या दोघींचं प्रेम आहे एकमेकींवर, दिसत नाही का तुला? हिरो नुसता शोभेला आहे.

इतक्या महिन्यांत ती माझ्याशी 'केबिनची किल्ली कुठे' याच्यापुढे पहिल्यांदाच बोलली. जो माणूस आपल्यावर इतका चिडतो, त्याला आपल्याबद्दल आतून काहीतरी वाटत असतं. (मी दादावर चिडतो, तो अपवाद.)

मागे दारात बॅटरी उभी होती. बॅटरी म्हणजे तिची मैत्रीण. अंधारात टॉर्च मारून लोकांना खुर्च्या दाखवते. ही जिथे जाईल तिथे ती शेपटासारखी. दोन मिनिटं एकांत म्हणून मिळू देत नाही.

७ जून
गाणं परत लावलं. त्याऐवजी हिरोचं घोड्यावरचं उडवलं. मालक म्हणाले, हिरो उडवलास, उद्या तू उडशील. उडेन. प्रेमात माणसाची नोकरी जाते. कॉलेज तर आधीच गेलेलं आहे.

संकल्प: गाण्याचा कसून अभ्यास. तिच्यापुढे मूर्ख ठरून चालणार नाही.

११ जून
सापडलं!

शेवटचं बटण शिवणारी चुकीच्या काजात घालते. मुद्दाम! मग सगळी काढून पहिल्यापासून लावावी लागतात. गाणारीला आरशात ते दिसतं. तरी ती आणखी एक कडवं गाते. आणि लग्नाच्या सीनमध्ये नवरी हिरोकडे बघतच नाही, त्याच्या खांद्यावरून मागे बघते. मागे कोण? शिवणारी. तोंडात टाचण्या, डोळ्यांत पाणी. च्यायला, मी इतके दिवस काय घोड्याकडे बघत होतो?

घरी जेवताना सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, इतका अभ्यास कॉलेजात केला असतास तर... आईने हे वाक्य आजवर कधी पूर्ण केलेलं नाही.

१२ जून
खिडकीपाशी जाऊन काजाचं सांगितलं. तिचा चेहरा असा फुलला की काय लिहू. आतून हात काढून टाळी दिली. म्हणाली, तू अगदीच मठ्ठ नाहीस रे. हे वाक्य मी लिहून ठेवतोय. माझ्या बुद्धीवर भाळली आहे, आता फक्त मुहूर्त बघायचा.

आणखी बोलणं झालं असतं, पण बॅटरी कडमडली. तिच्या युनिफॉर्मचं वरचं बटण भलत्याच काजात. ही लगेच खिडकी सोडून ते लावायला उठली. रोजचं आहे हे. एवढ्या मोठ्या घोडीला साधं बटण लावता येत नाही, आणि माझं नुकसान होतं.

१५ जून
आता मला सगळीकडे आतला अर्थ दिसतो. दादा वहिनीकडे न बघता मीठ मागतो. अर्थ: भाजी अळणी आहे. वहिनी डबा आदळते. अर्थ: उद्यापासून तू कर. दादाला हे सांगितलं. दादा म्हणाला, आणि तू रिकामटेकडा आहेस, ह्यात आतला अर्थ काही नाही.

चालू दे. माझी नजर तयार झाली आहे. आता माझ्यापासून कोणी काही लपवू शकणार नाही.

१८ जून
दादाने प्राचार्यांची भेट ठरवली आहे. रविवारी दुपारी. ते मला परत घ्यायला तयार आहेत, फक्त तोंडाने माफी मागायची. रविवारी दुपारीच माझा बेत आहे. प्राचार्यांना थांबता येईल, प्रेमाला नाही.

बेत असा: बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. एक तिची, एक माझी. बटणांचं गाणं लागलं की लगेच मागे नेऊन पुन्हा लावायचं, आणि दुसऱ्यांदा चालू असताना धावत खाली जाऊन तिच्या शेजारी बसायचं. मग बोलायची गरजच उरणार नाही.

दोन्ही तिकिटं बॅटरीच्या हातात दिली. म्हणालो, एकावर ती, दुसऱ्यावर कोण ते तुला कळलंच असेल. बॅटरीने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, तुला चालेल? मी म्हणालो, वेडी का तू, मीच तर जुळवून आणतोय. तिचे डोळे भरले. म्हणाली, आमच्यासाठी असं आजवर कोणी केलं नाही. आमच्यासाठी म्हणे! मैत्रिणीच्या सुखात इतकी विरघळली. बिचारीला स्वतःचं कोणी नसावं.

२१ जून, रविवार
नवा शर्ट. दादाला सांगितलं, प्राचार्यांना सांग माझा शो आहे.

गाणं झालं. मागे नेलं, पुन्हा लावलं. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. कोणीतरी ओरडलं, अहो बाई, लावा की बटणं एकदाची! मी जिना उतरून बाल्कनीत.

माझ्या खुर्चीत बॅटरी होती.

टॉर्च बंद, मांडीवर. तिच्या खांद्यावर हिचं डोकं. हिचं बोट त्या युनिफॉर्मच्या वरच्या बटणावर. चुकीच्या काजात.

बॅटरीने मला पाहिलं. दचकली नाही. हात धरून मला पायरीवर बसवलं. मी बसलो. माझ्या प्रेमाचं उरलेलं गाणं पायरीवर बसून ऐकलं.

शो सुटल्यावर बॅटरीकडे बोट दाखवत ती म्हणाली, तू काजाचं सांगितलंस तेव्हाच मी हिला म्हटलं, ह्याला आपलंही कळलंय. आम्ही महिनाअखेरीला जातोय, दुसरीकडे, दोघी मिळून खोली घेतली आहे. घरी कळलं तर पाय मोडतील. तू बोलणार नाहीस ना?

मी म्हणालो, मला पहिल्यापासून माहीत होतं.

मला पहिल्यापासून माहीत होतं.

२२ जून
रागावलेलो नाही. कप फुटला तो हातातून निसटून. भिंतीवर निसटला.

मालकांची शेवटची ताकीद. दादा बोलतच नाही. प्राचार्य म्हणाले म्हणे, असल्या मुलाची जागा धरून ठेवता येत नाही.

२५ जून
तिचे वडील केबिनमध्ये आले. म्हणाले, तू वरून सगळं बघत असतोस. आमच्या मुलीचं आणि त्या टॉर्चवालीचं काय चाललंय?

अगदी जिभेवर होतं. एक वाक्य, आणि कोणी कुठे गेलं नसतं.

म्हणालो, काका, वरून फक्त पडदा दिसतो.

असं का म्हणालो कळत नाही. दाढ दुखत होती, जास्त बोलवत नव्हतं.

३० जून
गेल्या. बॅटरीने जाताना टॉर्च माझ्याकडे दिला, मालकांना परत करायला. बॅटरीच्या मागून ती म्हणाली, ते गाणं कापू नकोस हं. मी म्हणालो, छे.

१ जुलै
दुपारच्या शोला बटणांचं गाणं उडवलं. केबिनचं दार सताड उघडं ठेवलं आणि कान जिन्याकडे लावून बसलो. बसू दे की जिभेचा पट्टा, म्हणू दे डोकं आहे का खोकं.

शो सुटल्यावर जिन्यावर पावलं वाजली. खरंच वाजली. मी केसांवरून हात फिरवला.

मालक होते. म्हणाले, शाबास. आज वेळेत सुटला. रोज हेच उडवत जा, कोणाला काही कळत नाही.